वाटाड्या, नकाशा आणि उपग्रह



‘दिशाभूल’ हा शब्द आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो. कोणी खोटा हिशेब दाखविला, कोणी पोकळ आश्वासन दिले, की त्याने लोकांची दिशाभूल केली असे आपण म्हणतो. हा शब्द मुळात वाटसरूचा आहे. उगवती कोणती आणि मावळती कोणती हे ज्याला उमगेनासे झाले, त्याची दिशाभूल झाली. आपल्या पूर्वजांना ही अवस्था इतकी कठीण वाटत असली पाहिजे की, फसवणुकीच्या सर्व प्रकारांना त्यांनी तेच नाव देऊन टाकले.

आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात एक यंत्र असते. नांदेडहून देगलूरला निघालेला मोटारवाला त्यात गावाचे नाव घालतो आणि ‘पुढे डावीकडे वळा’ असा आवाज येऊ लागतो. तो वळत जातो आणि सुखरूप पोचतो. मात्र पोचल्यावर त्यास विचारावे की, नांदेड आता कोणत्या दिशेस राहिले, तर पुष्कळदा उत्तर येत नाही. नांदेड वायव्येस राहिले, हे सांगावयास पूर्वीच्या गाडीवानाला क्षणाचाही विचार करावा लागला नसता. म्हणून विचारी माणसे विचारू लागली आहेत की, जीपीएस नावाच्या या सोयीपायी आपले दिशाभान लोपत चालले आहे काय? हा प्रश्न वरवर पाहता नवा दिसतो. पण वाट शोधण्याचे काम दुसऱ्यावर सोपविण्याचा इतिहास फार जुना आहे, आणि आपल्या नांदेड-लातूरच्या मुलखात त्याच्या खुणा जागोजाग सापडतात. तो इतिहास आधी पाहू, आणि मग आजच्या प्रश्नाकडे वळू.

चालणाऱ्यांचा मुलूख

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत ‘पेरिप्लस’ नावाची एक व्यापारी मार्गदर्शिका लिहिली गेली. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, अशी दोन मोठी नगरे तीत सांगितली आहेत. धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांनी माल भडोचला जाई, असेही लेखक म्हणतो. हे तगर म्हणजे लातूरच्या पश्चिमेस असलेले आपले तेर, हे फ्लीट या संशोधकाने १९०१ मध्ये दाखवून दिले. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. अंतर मैलांत नसून दिवसांत सांगितले आहे, म्हणजे माप माणसाच्या आणि बैलाच्या पायांचे आहे. दुसरी गोष्ट अशी की, तेर हे पैठणच्या नेमके पूर्वेस नाही, आग्नेयेस आहे. तेव्हा प्राचीन काळी सर्वांनाच दिशा अचूक कळत, असा गोड समज करून घेण्याचे कारण नाही. ऐकीव दिशा तेव्हाही चुकत असत.

जो स्वतः चालून पाहतो त्याची गोष्ट मात्र निराळी. महानुभाव पंथीयांची ‘स्थानपोथी’ हा या बाबतीत आपल्या मराठीचा मोठा ठेवा आहे. श्रीचक्रधरस्वामी ज्या ज्या गावी राहिले, तेथील देवळे, मठ, नदीचे काठ, झाडे यांची नोंद अनुयायांनी करून ठेवली. अमुक देऊळ गावाच्या कोणत्या दिशेस, त्याचे दार कोणीकडे, त्यापासून दुसरे स्थान कोणत्या अंगास, असा तपशील तीत येतो. वि. भि. कोलते यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती संपादित करून आपल्यापुढे ठेवली. भक्तीने लिहिलेल्या या पोथीत चालणाऱ्याच्या मनातील नकाशा शब्दांत उतरला आहे. नकाशा कागदावर नसला म्हणजे तो नसतोच असे नव्हे, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

असाच नकाशा आपल्या शेतकऱ्याच्या बोलण्यातही असतो. जमिनीच्या खरेदीखतात आजही चतुःसीमा लिहितात: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस पांदण, दक्षिणेस नाला, उत्तरेस गावची शीव. शिवारात माणसे डावे-उजवे फारसे बोलत नाहीत. ‘उगवतीच्या अंगाला बांध आहे’, ‘नदीच्या खालच्या अंगाला विहीर आहे’ असे म्हणतात. डावे-उजवे हे आपल्याबरोबर फिरते. आपण तोंड फिरविले की तेही फिरते. उगवती फिरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात गुगू यिमिथिर ही भाषा बोलणारे मूळ रहिवासी जवळच्या वस्तूंविषयी बोलतानाही अशाच स्थिर दिशा वापरतात, आणि त्यामुळे त्यांना सतत दिशेचे भान ठेवावेच लागते, हे भाषाशास्त्रज्ञांनी दाखविले आहे. भाषा माणसाकडून जे काम रोज करून घेते, ते काम त्यास सहज येऊ लागते.

रात्री शेताला पाणी देणारा माणूस आभाळाकडे पाहतो. मृगातील तीन ओळीतले तारे, ज्यांना आपल्याकडे तिकांडे म्हणतात, ते जवळजवळ बरोबर पूर्वेस उगवतात आणि बरोबर पश्चिमेस मावळतात. ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर दिसावा, हे त्या त्या गावच्या अक्षांशावर ठरते. नांदेडला तो सुमारे १९ अंश आणि लातूरला सुमारे साडेअठरा अंश वर असतो. हात लांब ताणून अंगठा आणि करंगळी यांची वीत आडव्या क्षितिजावर उभी धरली, तर ध्रुव साधारण तेवढ्याच उंचीवर सापडतो. याला यंत्र लागत नाही.

पण या ज्ञानालाही मर्यादा आहेत. दुपारचा सूर्य दक्षिणेस असतो, हे पाठ केलेले सूत्र आपल्या मुलखात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत चालत नाही. या दिवसांत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो. सूर्य बरोबर पूर्वेस उगवतो तो वर्षातून दोनच दिवस. एरवी तो दोन्ही बाजूंस सुमारे २५ अंशांपर्यंत सरकतो. गोदावरी आणि मांजरा या आपल्या नद्या उगवतीकडे वाहतात खऱ्या; परंतु मांजरा पुढे तेलंगणात उत्तरेस वळते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. तेव्हा नदीचा प्रवाह धरून चालणारा सावध नसेल तर फसेल. आपली ती फसवणूक कशी होते, हे रोज पाहून शिकावे लागे. म्हणूनच ते ज्ञान टिकून होते.

वाटाड्या

आता दुसरी बाजू पाहू. आपल्या गावची शीव ओलांडली की जुन्या काळचा माणूसही परका होई. तेथे त्याला वाटाड्या लागे. म्हणजे जीपीएसची गरज जुनीच आहे. यंत्र तेवढे नवीन आहे.

गावगाड्यात वाट दाखविण्याचे हे काम बहुधा महारांच्या माथी असे. अंमलदार आला, लष्कराची तुकडी आली, सावकाराचा माणूस आला, तर पुढच्या गावापर्यंत त्याच्यापुढे चालत जायचे. शिवेचा तंटा उपस्थित झाला म्हणजे त्यांच्याच साक्षीला वजन असे. कारण शिवेचा प्रत्येक दगड त्यांना ठाऊक असे. ज्याला साऱ्या गावाची सीमा मुखोद्गत होती, त्याला मात्र गावाने सीमेबाहेर ठेविले होते. त्याच्या ज्ञानाचा उपयोग सर्वांनी केला आणि मोबदला म्हणून पुष्कळदा वेठ पदरी घातली. जुन्या दिशाज्ञानाचे गोडवे गाताना हा हिशेब आपण नजरेआड करता कामा नये.

बंजाऱ्यांची कथाही अशीच आहे. किनवट, माहूर, मुखेड, कंधार या भागांतील तांडे आपण पाहतो. रेल्वे येण्यापूर्वी धान्य, मीठ यांची वाहतूक लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून चाले. सतराव्या शतकात ताव्हेर्निए या फ्रेंच प्रवाशाने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. एवढी गुरे घेऊन निघावयाचे म्हणजे कोणत्या मुक्कामी पाणी आहे, कोठे चारा आहे, कोणता घाट बैलांना चढवतो, हे सारे नायकाच्या डोक्यात असले पाहिजे. मोगल, निजाम, पुढे इंग्रज, या सर्वांच्या फौजा त्यांच्या जिवावर जेवल्या. रेल्वे आणि पक्क्या सडका आल्यावर हे ज्ञान बाजारातून उठले. आणि इंग्रजी मुलखात १८७१ च्या कायद्याने कितीतरी भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. ज्याला आडवाटा ठाऊक, त्याची सत्तेला नेहमीच धास्ती वाटत आली आहे.

ती धास्ती का वाटावी, याचे उत्तर पालखेडच्या मोहिमेत मिळते. १७२८ च्या आरंभी निजामउल्मुल्काजवळ भारी तोफखाना होता. पहिल्या बाजीरावाजवळ हलके घोडदळ होते. बाजीरावाने मुलूखभर वेगाने फिरून निजामाला आपल्यामागे ओढले. निजामाला अवजड तोफा मागे ठेवाव्या लागल्या. आणि अखेर वैजापूरजवळच्या पालखेडच्या परिसरात, जेथे पाण्याची टंचाई, अशा जागी तो कोंडला गेला. मार्च महिन्यात मुंगी-शेवगावचा तह झाला. मोठी लढाई न होताच निकाल लागला. पाणी कोठे आहे आणि कोठे नाही, हे ज्याला ठाऊक तो जिंकला. दिशाज्ञान हे केवळ प्रवाशाच्या सोयीचे नसून ते एक बळ आहे.

दुर्बीण आणि रूळ

हे बळ डोक्यातून कागदावर आणण्याचा मोठा उद्योग एकोणिसाव्या शतकात झाला. विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणी आरंभिली. जमिनीवर एक रेषा नेमकी मोजावयाची, तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यावयाचे आणि बाकीची अंतरे गणिताने काढावयाची, अशी ती रीत. त्याच्या मोठ्या कोनमापक यंत्राचे वजन सुमारे अर्धा टन होते. दक्षिणोत्तर चाललेली ही त्रिकोणांची साखळी १८१५ मध्ये बीदरजवळ दामरगिड्डा येथे पोचली आणि पुढे उत्तरेस वऱ्हाडात टाकळखेड्याकडे गेली. नकाशावर ही दोन ठिकाणे जोडून पाहा. रेषा आपल्या देगलूर-बिलोलीच्या अंगाने नांदेडच्या मुलखावरून जाते. लॅम्ब्टन १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडे जाताना हिंगणघाटास वारला, आणि त्याचे काम एव्हरेस्टने पुढे नेले.

नकाशा तयार झाला, म्हणजे टेकडीचे नाव सांगणाऱ्या गावकऱ्याची गरज संपली. हैदराबादेत किंवा कलकत्त्यात बसलेला अंमलदार आता वाटाड्याशिवाय मुलूख पाहू शकत होता. पुढे रूळ आले. मनमाड ते सिकंदराबाद ही गोदावरीच्या खोऱ्यातील रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नांदेडहून धावू लागली. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी आली. ती २००७-०८ च्या सुमारास रुंद झाली. रेल्वेत बसणाऱ्याला दिशा ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. तिकीट काढावे, बसावे, स्टेशनाची पाटी वाचून उतरावे. म्हणजे प्रवास करूनही वाट न शिकण्याची सवय आपल्याला जीपीएसने लाविली नाही. ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच लागली.

तरीही शहरे वाट शिकवीत होतीच. लातूरची गंजगोलाई पाहा. फैयाजुद्दीन या नगररचनाकाराने तिचा आराखडा केला आणि १९१७ मध्ये ती उभी राहिली. मध्ये जगदंबेचे देऊळ, भोवती गोल इमारत, आणि तीपासून फुटलेले सोळा रस्ते. परका माणूस गोंधळून जाईल अशी ही रचना. परंतु एका रस्त्याला सोने, दुसऱ्याला जोडे, कोठे गूळ, कोठे मिरची, अशा पेठा वसल्या आणि वाट नाकाडोळ्यांनी ओळखू येऊ लागली. चारदोनदा गोलाईला फेरी मारली की लातूरकराच्या डोक्यात ते चाक कायमचे बसते. त्याला ते कोणी शिकवीत नाही. थोडे चुकून आणि थोडे विचारून तो शिकतो. चुकणे आणि विचारणे, या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

यंत्र काय करते?

जीपीएसची योजना अमेरिकेच्या लष्कराने १९७३ मध्ये आखली आणि पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे एक प्रवासी विमान मार्ग सोडून सोव्हिएत हद्दीत शिरले व पाडले गेले. २६९ माणसे मेली. एका दिशाभुलीची ही किंमत पाहून, ही व्यवस्था पुरी झाल्यावर नागरिकांनाही खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. १९९५ मध्ये ती पूर्णपणे चालू झाली. मे २००० पर्यंत नागरी उपयोगासाठीच्या संकेतांत मुद्दाम थोडी चूक मिसळलेली असे. त्यानंतर ती काढून टाकण्यात आली. भारतानेही २०१३ ते २०१६ या काळात आपले सात उपग्रह सोडून ‘नाविक’ ही स्वतःची व्यवस्था उभारली. दुसऱ्याच्या वाटाड्यावर सर्वस्वी विसंबून राहू नये, हे राष्ट्रांनाही कळते.

या यंत्राचे तत्त्व लॅम्ब्टनच्या साखळीचेच भावंड आहे. त्याने कोन मोजले; हे यंत्र काळ मोजते. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून उपग्रह आपली वेळ पाठवितो. ती पोचण्यास किती विलंब लागला त्यावरून अंतर निघते. असे निदान चार उपग्रह दिसले की आपण कोठे उभे आहो हे कळते. यात आपल्या बुद्धीला बाधक असे काहीच नाही. बाधा येते ती पुढच्या पायरीवर. वाट दाखविताना फोनच्या पडद्यावरील चित्र बहुधा आपल्याबरोबर फिरते. आपले तोंड जिकडे, ती दिशा वर. उत्तर कोठे गेली, हे पाहण्याची गरज नाही. जग आपल्याभोवती फिरते आणि आपण मध्यभागी स्थिर. शिवारातील माणसाच्या भाषेत उगवती स्थिर होती आणि माणूस फिरत होता. या यंत्राने ते नाते उलटे केले. शिवाय पुढच्या एका वळणापुरतेच ते बोलते. त्यामुळे वाटेचे तुकडे हाती लागतात, सबंध वाट हाती लागत नाही.

मेंदूचा पुरावा

याचा खरोखरच परिणाम होतो काय? सुदैवाने या प्रश्नाचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. १९७१ मध्ये जॉन ओकीफ याने उंदराच्या मेंदूत, हिप्पोकँपस या भागात, जागा ओळखणाऱ्या पेशी शोधल्या. २००५ मध्ये मोझर पतिपत्नींनी शेजारच्या भागात जणू मोजपट्टीची जाळी आखणाऱ्या पेशी दाखविल्या. या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मनातला नकाशा ही केवळ कविकल्पना नाही, हे येथे सिद्ध झाले.

लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळविण्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर हिने २००० मध्ये दाखविले की, या चालकांच्या हिप्पोकँपसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. नेमून दिलेल्या मार्गावर गाडी चालविणाऱ्या बसचालकांत तसे आढळले नाही. २०१७ मध्ये लंडनमधीलच संशोधकांनी पाहिले की, स्वतः वाट शोधणारा माणूस नव्या रस्त्यात शिरतो तेव्हा त्याच्या मेंदूच्या या भागात हालचाल वाढते. यंत्राच्या सूचनेने चालणाऱ्यात ती वाढ दिसत नाही. २००८ मध्ये जपानमध्ये पायी फिरणाऱ्यांवर प्रयोग झाला. यंत्र हाती घेणाऱ्यांनी नकाशा वापरणाऱ्यांपेक्षा अधिक अंतर कापले आणि ते अधिक वेळा थांबले. २०२० मध्ये कॅनडातील दोघींनी ५० वाहनचालकांचा अभ्यास केला. जीपीएस अधिक वापरणाऱ्यांची स्थळांविषयीची स्मृती कमी दिसली. त्यांपैकी १३ जणांना तीन वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा अधिक वापरणाऱ्यांत घसरणही अधिक आढळली.

येथे सावधपणे बोलले पाहिजे. तेरा माणसे ही फार लहान संख्या आहे. तीवरून साऱ्या जगाचा निकाल लावता येत नाही. पण सर्व पुरावे एकाच बाजूला झुकतात, हेही खरे. त्यांचा अर्थ असा: यंत्र मेंदूला विष देत नाही, ते त्याचे काम काढून घेते, आणि काम नसलेले अंग सुस्तावते. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आपल्या आजोबांना तोंडपाठ होती. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, मागोमाग मेट्रिक मापे आली आणि ते पाढे गेले. त्यात आपले गणित बुडाले असे कोणी म्हणणार नाही. परंतु तोंडी हिशेबाची ती विशिष्ट चपळाई गेली, हे नाकारताही येणार नाही.

चकव्याचीही गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. आपल्याकडे खेड्यात समजूत आहे की, काही जागी माणसाला चकवा लागतो आणि तो रात्रभर त्याच त्या जागी फिरत राहतो. २००९ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी माणसांना अनोळखी जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालावयास सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बरीच सरळ चालली. तो झाकला गेला की गोल फिरून आपल्याच वाटेवर आली आणि तरी आपण सरळ चालतो आहो असे त्यांना वाटत होते. चकवा आहे, पण तो भूत नव्हे. बाहेरची खूण हरवली की आपले शरीर आपल्याला फसविते. म्हणून खुणेकडे पाहण्याची सवय, हीच चकव्यावरची खरी तोड होय.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादेतील हजारो माणसे दगडमातीच्या माळवदाखाली गाडली गेली. पुढे पन्नासाहून अधिक गावे मूळ जागेवरून हलवून नव्या ठिकाणी बांधण्यात आली. जीव वाचविणारी घरे हवी होती आणि ती मिळाली. त्याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. मात्र नवी गावे रुंद, सरळ रस्त्यांची आणि एकसारख्या घरांच्या रांगांची झाली. जुन्या गावात वेस, पार, देऊळ, वाड्याचा कोपरा, वाकडी गल्ली, अशा खुणांनी पायाला अंधारातही वाट कळे. नव्या गावी घराला क्रमांक आला आणि खूण गेली. कागदावर जे सोपे, ते पायाला अनोळखी असू शकते.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३८ देशांतील सुमारे चार लाख माणसांना फोनवरील एका खेळाद्वारे वाट शोधावयास लाविले. शहराबाहेर वाढलेली माणसे शहरात वाढलेल्यांपेक्षा सरस ठरली. आणि चौकटीसारख्या सरळ रस्त्यांच्या शहरांत वाढलेली माणसे विशेष मागे पडली. वाकड्या वाटा लहानपणी माणसाला काहीतरी शिकवितात, असा याचा अर्थ आहे. मूल कशा गावात, कशा वाटांनी वाढते, यावर त्याचे दिशाभान पुष्कळ अंशी ठरते. तेव्हा सारा दोष यंत्रावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. दहा मिनिटांच्या शाळेला जे मूल रोज रिक्षात बसून जाते, त्याला वाट कोणी शिकवावी?

मग करावयाचे काय?

यंत्र फेकून द्या, असे सांगण्यास मी येथे उभा नाही. २००८ मध्ये गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नांदेडचे रस्ते रुंद झाले, शहराचे रूप पालटले. पंजाबातून हुजूर साहिबला येणाऱ्या यात्रेकरूला मराठी येत नसली तरी आज तो फोन पाहून गल्लीबोळांतून बरोबर जातो. लातूरला शिकवणीसाठी आलेली खेड्यातली मुलगी पहिल्याच दिवशी आपले वसतिगृह शोधते. आजाऱ्यासाठी निघालेली गाडी अनोळखी वस्तीवर रात्री पोचते. आणि आणखी एक गोष्ट. पूर्वी वाट विचारावयाची म्हणजे ‘कोण गावचे? कोणाचे?’ या प्रश्नांना आधी उत्तर द्यावे लागे. त्या उत्तरावर पुष्कळांना पाणी मिळे की नाही हे ठरत असे. हे यंत्र जात विचारीत नाही, एकट्या बाईकडे रोखून पाहत नाही, आणि कोणाला वेठीस धरून पुढे चालवीत नाही. ज्यांना या जुन्या प्रश्नांचा जाच झाला, त्यांना जाऊन ‘पूर्वीचे दिवस चांगले होते’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परंतु वाटाड्याला नोकर म्हणून ठेवणे निराळे आणि त्याच्या हाती आपले डोळे देणे निराळे. इतिहास पाहिला तर दिसते की, जो केवळ वाटाड्यावर विसंबला तो त्याच्या ताब्यात गेला. मग तो पालखेडचा निजाम असो की उपग्रहाच्या संकेतासाठी परदेशाकडे पाहणारे राष्ट्र असो. व्यक्तीलाही तेच लागू आहे. पावसाळ्यात पूल पाण्याखाली जातो, फोनची शक्ती संपते, डोंगरात संकेत मिळत नाही. त्या घटकेस माणसाजवळ जे डोक्यात असेल तेवढेच त्याचे असते.

उपाय अवघड नाहीत. निघण्यापूर्वी सबंध नकाशा एकदा उत्तर वर ठेवून पाहावा. आपले गाव कोठे, जावयाचे गाव कोठे, मध्ये नदी कोणती, हे मनात बसवावे. जाताना यंत्राचा आवाज ऐकला तर येताना तो बंद ठेवून पाहावा. चुकलो तर चारदोन मिनिटे जातील, पण गंजगोलाई जशी चुकून शिकता येते तशी ती वाटही आपली होईल. कधी रस्त्यातल्या माणसाला विचारावे. त्याने दोन शब्द बोलावे, आपण दोन बोलावे. मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर नेऊन ध्रुव दाखवावा, घरातली पूर्व कोणती ते विचारावे, आजोळच्या शेताची चतुःसीमा आजोबांच्या तोंडून ऐकवावी. शाळेत भूगोलाच्या तासाला आधी आपल्या गल्लीचा नकाशा काढावयास लावावा, आणि मग जगाचा.

आणि शेवटी, हे सारे ज्यांनी पायांनी शिकून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्या वाटाड्यांचे, लमाण नायकांचे, शिवेवर उभ्या राहिलेल्या माणसांचे ऋण आपण मान्य करावे. त्यांचे ज्ञान आपण फुकट वापरले. आज तशाच फुकट मिळणाऱ्या यंत्राने ते आपल्याला विसरावयास लावू नये. थोडी वाट तरी आपली आपणच शिकावी, म्हणजे ते ऋण काही अंशी फिटेल.